काळी गाडी, उघडं पार्किंग आणि पांढरे ठिपके

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चेंबूरला सोसायटीत उघड्यावर पार्किंग, गाडी काळी, धुवायला वेळ मिळतो तो फक्त रविवारी नऊ-दहाला, आणि तोवर पार्किंगमध्ये ऊन भरलेलं असतं. पार्किंगच्या नळाला पाईप लावून गाडी धुता, पुसता, आणि दुपारी बघावं तर बॉनेट, छत आणि मागच्या काचेवर पांढऱ्या गोल कड्या. शॅम्पू दोनदा बदलून झाला. एकाने सांगितलं की उन्हात पाण्याचा थेंब भिंगासारखा काम करून रंग जाळतो. दुसरा म्हणाला सिरॅमिक, म्हणजे रंगावर बसवायचं कडक संरक्षक कोटिंग, करून टाका, कटकट मिटेल. आणि शेवटी तुम्ही विचारलंत की सावलीच नसेल तर माणसाने करायचं काय, आणि रोज गाडी पुसायला येणाऱ्या मुलाला सांगायचं काय.

मुलुंडला माझं गाड्या धुण्या-पॉलिशचं वर्कशॉप आहे. बरीचशी कामं आम्ही लोकांच्या सोसायटीत जाऊन करतो, तिथे सावली आपल्या मर्जीने मिळत नाही. तेव्हा पहिलं उत्तर हे की उन्हात गाडी धुता येते. त्रास जास्त होतो, पण येते. दुसरं म्हणजे, तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून मला उन्हापेक्षा तुमच्या त्या पार्किंगच्या नळाचा संशय जास्त येतोय. शॅम्पूचा तर यात काही दोषच नाही.

डाग पडतो कसा ते आधी बघू, म्हणजे पुढचं सगळं आपोआप लागेल. पाण्यात क्षार विरघळलेले असतात, मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे. पाणी उडून जातं, क्षार उडत नाहीत. कॅल्शियम बायकार्बोनेट पाण्यात विरघळलेलं असतं तोवर दिसत नाही. पाणी आटायला लागलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे राहतं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी. शॉवरची भोकं बुजवणारा पांढरा थर तो हाच. थेंब कडेने आधी आटतो, त्यामुळे आतलं पाणी सतत कडेकडे ओढलं जातं आणि जाताना क्षारही घेऊन जातं. म्हणून भरीव ठिपका न पडता कडी उमटते. पांढऱ्या किंवा सिल्व्हर गाडीवरही तेवढीच चुनखडी बसते, फक्त ती दिसत नाही. काळ्या गाडीवाल्याला सगळंच दिसतं, हा काळ्या रंगाचा शापच आहे.

यात उन्हाचं काम एवढंच की ते तुमच्या हातातला वेळ खाऊन टाकतं. मे महिन्यात मुंबईत हवेचं तापमान ३३-३४ अंश असतं, पण उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीचा पत्रा ६० अंशांच्या पुढे सहज जातो. त्यावर पडलेला छोटा थेंब मिनिटभरही टिकत नाही. तुम्ही डावा दरवाजा घासत असता तेव्हा छतावरचं पाणी वाळून गेलेलं असतं, आणि नंतर तुम्ही टॉवेल फिरवता तो कोरड्या चुनखडीवर.

भिंगाची गोष्ट मात्र सोडून द्या. पत्र्यावर बसलेला थेंब चपटा असतो, त्यातून गेलेले किरण एकत्र येतात ते पत्र्याच्या पातळीच्या बरेच खाली, रंगावर नाही. मग काही डाग रंगात खड्डा पाडून बसतात ते कशामुळे? आटत आलेल्या थेंबात क्षार आणि हवेतून आलेली घाण दाट होत जाते, आणि तापलेला क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, त्या वेळी नरम असतो. ही दोन्ही कारणं एकत्र आली की कडी वरवर न राहता आत उतरते. एका धुण्यात असं क्वचित होतं. तेच पाणी, तेच ऊन, दर आठवड्याला, आणि मधल्या काळात डाग काढलेच नाहीत, की होतं.

आता पाणी. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या डागांच्या तक्रारी बहुतेक वेळा इथेच येऊन थांबतात.

मुंबईत पालिकेचं जे पाणी घरात येतं ते भातसा, वैतरणा, तानसा, मोडकसागर, विहार, तुळशी अशा तलावांचं. पावसाचं साठवलेलं पाणी, त्यामुळे मऊ. टीडीएस मीटर, म्हणजे लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते सांगणारं छोटं यंत्र, बुडवला तर साधारण शंभरच्या आत आकडा दाखवतो. बोअरवेलचं पाणी वेगळं. जमिनीत मुरताना ते खडकातले क्षार घेतं, आणि समुद्राजवळच्या भागात त्यात खारटपणाही उतरतो. पाचशे, आठशे, हजार, त्याहून वर असे आकडे मी सोसायट्यांमध्ये पाहिलेत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरा पर्यायच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पिण्यालायक पाणीसुद्धा काळ्या गाडीच्या दृष्टीने वाईट असू शकतं.

आता हिशोब करा. समजा धुऊन झाल्यावर गाडीवर पाव लिटर पाणी तसंच वाळलं. पालिकेचं ६० टीडीएसचं पाणी असेल तर मागे १५ मिलिग्रॅम क्षार राहतील, चिमूटभरही नाही. तेच १२०० टीडीएसचं बोअरचं असेल तर ३०० मिलिग्रॅम. वीसपट. या वीसपटीपुढे शॅम्पूची महागडी बाटली काय करणार?

मुंबईतल्या बऱ्याच इमारतींमध्ये दोन वेगळ्या लाइनी असतात. स्वयंपाकघरात आणि बाथरूमला पालिकेचं पाणी, संडासाच्या फ्लशला बोअरचं, टँकरचं किंवा सांडपाणी शुद्ध करून आलेलं. पार्किंगचा आणि बागेचा नळ जवळजवळ नेहमी या दुसऱ्या लाइनवर असतो. पिण्याचं पाणी गाड्यांवर ओतू नये म्हणून तो तसा ठेवलेला असतो, आणि ते बरोबरच आहे. पण तुम्ही बहुधा फ्लशच्या टाकीतल्या पाण्याने गाडी धुताय. सेक्रेटरीला किंवा पंप चालू करणाऱ्या वॉचमनला विचारा, तो एका वाक्यात सांगेल.

विचारायचं नसेल तर घरच्या घरी करून बघा. स्वच्छ काचेचा तुकडा घ्या, जुन्या फोटोफ्रेमची काच चालेल. एका बाजूला स्वयंपाकघरातल्या नळाचे चार थेंब, दुसऱ्या बाजूला पार्किंगच्या नळाचे चार. पंख्याखाली, सावलीत, वाळू द्या. मग काच काळ्या कापडावर ठेवून तिरक्या उजेडात बघा. पार्किंगच्या बाजूला चार स्पष्ट पांढऱ्या कड्या दिसल्या, आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम धूसर खुणा, तर तुमचा गुन्हेगार सापडला. शिवाय हे सगळं सावलीत झालंय. नुसत्या सावलीने तुमचा प्रश्न का सुटणार नाही, ते त्या काचेवर दिसेल. टीडीएस मीटर ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत मिळतो, आकडाच हवा असेल तर तो घ्या.

मीटरबद्दल एक इशारा. काही टॉवरमध्ये सॉफ्टनरचा प्लँट बसवलेला असतो. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घालतो, त्यामुळे टीडीएसचा आकडा कमी होत नाही, पण डाग ओल्या कपड्याने निघून जातो. तेव्हा आकडा बघून घाबरायच्या आधी डाग कसा निघतो तेही बघा. नुसत्या ओल्या टॉवेलने गेला तर मीठ किंवा धूळ. नाही गेला तर चुनखडी.

पाण्याच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी लोक हमखास विचारतात. पहिली, आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरावं का. पाणी वाचवायचा सल्ला म्हणून हे सगळीकडे सांगितलं जातं. त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात, कारण आरओने काढलेले क्षार त्यातच जातात. तुमच्या आरओला पालिकेचं पाणी जात असेल तर फेकलेलं पाणीही फार वाईट नसतं, गाडीला चालून जाईल. टँकरचं किंवा बोअरचं जात असेल तर ते पाणी लादी पुसायला ठेवा, गाडीच्या जवळ आणू नका.

दुसरी गोष्ट उलट दिशेची, आणि ती फारशी कोणी करत नाही. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतल्या बाष्पाचं झालेलं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. मुंबईच्या दमट हवेत बेडरूमचा एसी रात्रभर चालला की सकाळी बादलीत बऱ्यापैकी पाणी साठतं. कॉइलवरची धूळ आणि शेवाळ त्यात येतं, म्हणून जुन्या सुती कापडातून गाळून घ्या आणि फार दिवस साठवू नका. पूर्ण गाडी त्यात धुता येणार नाही, पण शेवटचा हात फिरवायला याच्यासारखं फुकट पाणी नाही. आम्ही कामावर शेवटच्या पाण्यासाठी रेझिनचा फिल्टर वापरतो, तो सगळेच क्षार काढतो. पण बोअरच्या पाण्यावर त्याचं रेझिन लवकर संपतं, एका गाडीसाठी तो खर्च मी तरी सुचवणार नाही.

वेळेचं थोडक्यात. शक्य असेल तर सकाळी सहा ते साडेसात. हवा दमट असते, पत्रा रात्रभरात थंड झालेला असतो, आणि पाणी वाळायला वेळ लागतो. संध्याकाळही चालेल, पण मे आणि ऑक्टोबरमध्ये सूर्य मावळल्यावरही पत्रा बराच वेळ गरम राहतो, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. इमारतीची सावली कुठे पडते ते एखाद्या रविवारी बघून ठेवा. मात्र भर उन्हाळ्यात दुपारी ती शोधू नका. मेच्या मध्यावर मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो, साधारण साडेबाराला, आणि इमारतीची सावलीच तिच्या पायाशी गोळा होते. झाडाची सावली मला आवडत नाही. आपल्याकडे रस्तोरस्ती जे मोठे वर्षावृक्ष आहेत त्यांच्यावरच्या किडीमुळे खाली चिकट थेंब पडत राहतात, आणि कावळे-कबुतरं आहेतच. पुसलेल्या गाडीवर पुन्हा तेच.

आणि सावली मिळते म्हणून बेसमेंटमध्ये गाडी लावायचा विचार असेल तर आधी वर बघा. स्लॅबमधून पाणी ठिबकत असेल तर त्या जागी गाडी अजिबात नको. काँक्रीटमधून उतरलेलं ते पाणी चुन्याचं असतं, तीव्र अल्कली. दोन-चार दिवस त्याचा ओघळ बॉनेटवर राहिला तर पॉलिशनेही जात नाही असा डाग पडतो. माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यात वाईट गाड्या उन्हातल्या नसतात, गळक्या बेसमेंटमधल्या असतात.

आता तुमचा खरा प्रश्न. रविवारी साडेनऊ, ऊन, दुसरा इलाज नाही. तुमच्या जागी मी काय करेन?

पाईप घरी ठेवेन. स्वयंपाकघरातल्या नळाचं आठ लिटर पाणी एका बादलीत घेऊन लिफ्टने खाली जाईन, आणि रिन्सलेस वॉश करेन. हे एक वेगळ्या प्रकारचं लिक्विड असतं. त्यातली पॉलिमर धुळीच्या कणांभोवती वेढा घालतात, कण घसरून टॉवेलमध्ये येतो आणि नंतर पाणी ओतून धुवावं लागत नाही, नुसतं पुसलं की झालं. प्रमाण बाटलीवर बघा, पण बऱ्याच कंपन्यांचं १:२५६ असतं, म्हणजे आठ लिटरला साधारण ३० मिली. जास्त घातलं तर जास्त स्वच्छ होत नाही, रेघा मात्र उमटतात. पाईप उघडा असेल तर मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी जातं. इथे सगळी गाडी आठ लिटरमध्ये होते, त्यामुळे पिण्याचं पाणी वापरल्याची बोचणीही राहत नाही. २०२४ च्या जूनमध्ये पालिकेने १० टक्के पाणीकपात केली होती तेव्हा आमची घरोघरची कामं याच पद्धतीवर चालू राहिली. त्याच वर्षी मार्चमध्ये बंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर ५००० रुपये दंड लावला होता, तेव्हा ही सवय आत्ताच लावून घेतलेली बरी.

करायचं असं. आठ-दहा चांगले मायक्रोफायबर टॉवेल बादलीत बुडवून ठेवा. त्याच पाण्याने दोन लिटरचा बागेत वापरतात तो हाताचा स्प्रे पंप भरा. एका वेळी एकच भाग घ्या, आणि उन्हात तर बॉनेटचे दोन भाग करा. आधी त्या भागावर पंपाने भरपूर फवारा, अर्धं मिनिट थांबा, म्हणजे धूळ सुटते. मग ओला टॉवेल चार घड्या करून, हलक्या हाताने, एका दिशेने ओढा. एक बाजू मळली की घडी उलटा, आठही बाजू संपल्या की टॉवेल बाजूला टाका. मळलेला टॉवेल पुन्हा बादलीत घालायचा नाही, हे सांगून मी थकलो. लगेच, म्हणजे तो भाग ओला असतानाच, कोरड्या टॉवेलने पुसा. मगच पुढचा भाग. एका भागाला दोन मिनिटं लागली पाहिजेत, त्याहून जास्त लागत असतील तर भाग मोठा घेतलाय.

हे कधी चालत नाही? गाडीवर चिखल असेल, मेट्रोच्या किंवा बांधकामाच्या साइटजवळ लावून सिमेंटची जाड धूळ बसली असेल, पावसाळ्यात घोडबंदरवरून येऊन खालचे दरवाजे माखले असतील, तेव्हा नाही. ती घाण टॉवेलने ओढली की काळ्या रंगावर बारीक ओरखड्यांची जाळी उमटते, आणि ती पाण्याच्या डागांपेक्षा महागात पडते. अशा वेळी आधी पाईपने धुवायचं, बोअरच्या पाण्याने का असेना. क्षार आपण नंतर काढू.

तर पाईपने धुवायची वेळ आली तर उन्हात कसं धुवायचं, तेही सांगतो. पहिली चाचणी हाताची. पालथा हात बॉनेटवर पाच सेकंद टेकवा. टेकवता आला नाही तर शॅम्पू काढूच नका. गाडी चालवून आणली असेल तर इंजिनची उष्णताही असते, थांबा. घाई असेल तर पाणी मारून पत्रा थंड करा, पण एकदा मारलं की पुढे तो सुकू द्यायचा नाही, मध्ये फोन घ्यायला गेलात तर पहिल्यापेक्षा वाईट अवस्था होईल.

कोणत्या बाजूने सुरुवात करायची यावर लोक वाद घालतात. नेहमीची पद्धत वरून खाली, ती ठीकच आहे. त्यात मी उन्हाचा हिशोब मिसळतो. सकाळी धुताना छत, बॉनेट आणि पूर्वेची बाजू आधी उरकतो, कारण त्या दर मिनिटाला तापत जाणार आहेत. पश्चिमेची बाजू सावलीतच असते, ती शेवटी. संध्याकाळी उलटं, उन्हाची बाजू शेवटी, तोवर ती निवते. चाकं नेहमी आधी धुवायची असा नियम सांगतात, पण उन्हात मी ती शेवटी ठेवतो. चाकावरून उडालेलं पाणी दरवाजांवर वाळतं आणि ते साफ करायला पुन्हा दरवाजा ओला करावा लागतो. शिवाय गाडी नुकतीच आलेली असेल तर ब्रेकच्या डिस्क तापलेल्या असतात, त्यांनाही निवायला वेळ मिळतो.

शॅम्पू न्यूट्रल पीएचचा, म्हणजे ना आम्ल ना अल्कली, आणि कमी. भांडी घासायचं लिक्विड वापरू नका, ते मेण काढून टाकतं. फोम गन उन्हात शोभेची वस्तू आहे, फेस बघता बघता वाळतो आणि त्याचाही डाग पडतो. दोन बादल्या ठेवा, एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. गाडी घासायचा ग्लव्ह आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मग शॅम्पूत बुडवायचा. एक भाग घासला की लगेच धुवा, आणि पूर्ण झालेल्या भागांवरही मधूनमधून पाणी मारत राहा. गाडी सगळी होईपर्यंत ओली राहिली पाहिजे.

शेवटचं पाणी देताना पाईपचा नोझल काढून टाका. पाईपचं तोंड छताजवळ आडवं धरा आणि पाणी संथ वाहू द्या. फवाऱ्याने हजार थेंब उडतात आणि तिथेच बसतात. संथ सोडलेलं पाणी एकसंध चादर होऊन घसरतं आणि जाताना मागचे थेंबही ओढून नेतं. करून बघा, बॉनेटवर एवढं कमी पाणी राहिलेलं पाहून तुम्हीच पुन्हा एकदा सोडाल. मग उरलेल्या ओल्या पत्र्यावर रिन्सलेसचं मिश्रण किंवा क्विक डिटेलर (पुसताना फवारायचं लिक्विड) दोन-तीन फवारे, नसेल तर गाळलेलं एसीचं पाणी. याने बोअरचं पाणी पातळ होतं आणि टॉवेल सरकतो. मोठा, जाड, पिळाच्या धाग्यांचा टॉवेल पत्र्यावर पसरून आपल्याकडे ओढा, दाबून घासू नका. मागून दुसरा छोटा कोरडा टॉवेल. हे टॉवेल धुताना कपडे मऊ करायचं लिक्विड घालू नका, त्याचा थर बसून टॉवेल पाणी ओढेनासा होतो.

गाडी पुसून झाली असं वाटतं तेव्हा ती झालेली नसते. आरशाच्या खोलगट भागात, दरवाजाच्या हँडलमागे, पेट्रोलच्या झाकणात, मागच्या लोगोच्या अक्षरांत, नंबरप्लेटच्या मागे आणि काचांच्या रबरात पाणी लपलेलं असतं. दहा मिनिटांनी आरशाखालून दरवाज्यावर एक ओघळ उतरतो आणि तिथेच वाळतो. म्हणून पुसल्यावर गाडी गेटपर्यंत नेऊन आणा, दोन-चारदा ब्रेक मारा, दरवाजे आणि डिकी उघडून बंद करा, आणि मग टॉवेल घेऊन एक शेवटची फेरी. आपल्या दमट हवेत डिस्कवर लगेच गंज चढतो, तोही या ब्रेक मारण्याने निघून जातो.

आता जे डाग आधीच बसलेत त्यांचं. पायरीपायरीने जा, पहिल्याच दिवशी पॉलिशवाल्याकडे धावू नका. गाडी धुवा, सकाळी, पत्रा थंड असताना. किराण्याच्या दुकानात मिळतं ते पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात. डिकीच्या एका कोपऱ्यावर आधी करून बघा. कापड त्यात भिजवून डागांवर एक-दोन मिनिटं पसरून ठेवा, वाळू देऊ नका, उचला, पुसा, शॅम्पूच्या पाण्याने धुवा. चुनखडी आम्लात विरघळते, त्यामुळे ताजे डाग बहुतेक इथेच जातात. मॅट रंग, रॅप (गाडीवर चिकटवलेली फिल्म), क्रोम आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर हे नको. वरचं मेणही यात निघून जातं, नंतर नवं लावावं लागेल. संडास किंवा फरशी धुवायचं ॲसिड लावणारे लोक भेटतात, त्यांचं ऐकू नका; डाग जाईल आणि त्याच्याबरोबर क्रोमची आणि ॲलॉय व्हीलची चमकही जाईल.

व्हिनेगरनंतरही कडी दिसत असेल तर बोटाचं नख हलकेच फिरवून बघा. काही लागत नाही, पण तिरक्या उजेडात कडी आहे, म्हणजे ती रंगात उतरली आहे. तिथे पॉलिशच लागतं. पण क्लिअर कोट असतो साधारण ४० ते ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि प्रत्येक पॉलिशमध्ये त्यातला थोडा जातो, परत येत नाही. चांगला कारागीर आधी जाडी मोजायचं मशीन लावेल. न मोजता रबिंगचं चाक फिरवणाऱ्याकडे काळी गाडी देऊ नका. खोल गेलेल्या एक-दोन कड्या तशाच ठेवून जगणं पूर्ण शहाणपणाचं आहे.

काचेचं थोडं वेगळं. रंगावर चालतं ते पॉलिश काचेला पुरत नाही, तिच्यासाठी सेरियम ऑक्साइडची पेस्ट मिळते. आधी व्हिनेगर मात्र काचेलाही करून बघा, मागच्या काचेवरचे तुमचे डाग तेवढ्याने जावेत.

सिरॅमिकबद्दल माझं मत ऐकून तुमचा मित्र नाराज होईल. मी स्वतः सिरॅमिक करून देतो, त्यात माझा फायदा आहे, तरीही सांगतो: पाण्याचे डाग हा सिरॅमिक करायचं कारण होऊ शकत नाही. सिरॅमिकवर पाणी उंच, गोल थेंबांत जमतं. छान दिसतं, शोरूमवाला हेच दाखवून विकतो. पण तो थेंब न पुसता वाळला तर त्यातले सगळे क्षार छोट्याशा जागेत बसतात आणि कडी आणखी ठळक होते. सिरॅमिकचा खरा फायदा असा की घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं, आणि डाग पडला तरी मूळ रंगापर्यंत पोचायला वेळ लागतो. पाणी बोअरचंच राहणार असेल आणि पुसणं रविवारपुरतंच, तर आधी बादलीवर पैसे घाला.

राहिला रोज पुसणारा मुलगा. तो पहाटे पंधरा-वीस गाड्या एका बादलीत करतो, पाणी पार्किंगच्या नळाचंच असतं, आणि कापड पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत तेच. तुमच्या रविवारच्या मेहनतीवर सोमवारी तो पुन्हा क्षार आणि रेघा देऊन जातो. त्याला काढून टाकू नका, काम बदलून द्या. पत्र्याला हात लावायचा नाही. रोज फक्त काचा, आरसे आणि आतलं पायदान, आठवड्यातून दोनदा चाकं. काचांसाठी तुमचे स्वतःचे दोन टॉवेल द्या, वेगळ्या रंगाचे, आणि ते तुमच्या डिकीत किंवा वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा म्हणजे दुसऱ्या गाडीवर जाणार नाहीत. पैसे तेवढेच द्या, जमलं तर थोडे वाढवून द्या. पहिले काही दिवस तो सवयीने बॉनेटवर कापड मारेलच, तेव्हा एखाद्या पहाटे खाली जाऊन समोर उभं राहून सांगावं लागेल.